फुफ्फुसांची तपासणी व सिनेटरांच्या भाषणास मनाई

मी, कॅरा लिन स्टॅलार्ड, वय एकोणतीस, खाणीतील हवा व धूळ मोजणारी तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे; फुफ्फुसांबद्दल तसे म्हणता येत नाही. सोमवारी शस्त्रक्रिया आहे, म्हणून आत्ताच लिहिते.

१. ओढ्याकाठच्या घरातील माझा हिस्सा आई, व्हर्ला स्टॅलार्ड, हिला. अट काही नाही. भिंतीवरचा सिनेटर हॉलिस ब्रँडेन यांचा फोटो तिने काढावा अशीही नाही. तशी विनंती केली होती. ती फेटाळली गेली.

२. पिकअप गाडी, हत्यारे आणि धूळ मोजण्याचा माझा पंप धाकटा भाऊ डॉयल याला. तो त्याच खाणीत आहे. पंप कमरेच्या पट्ट्याला लावायचा. मुकादमाने सांगितले तरी जेवणाच्या डब्यात बंद करून ठेवायचा नाही. डब्यातली हवा नेहमीच स्वच्छ भरते.

३. सिनेटरांविषयी. बाबांचा घरी येणारा ऑक्सिजन कागदपत्रांत अडकला तेव्हा यांच्या एका फोनने तो त्याच संध्याकाळी आला. नळकांडे त्यांनी स्वतः उचलून आत आणले, आमच्या टेबलावर घेवडा आणि मक्याची भाकरी खाल्ली. आईचे नाव ते कधी विसरले नाहीत. हे खरे आहे. दगडाच्या धुळीवर मर्यादा घालणारा नियम पुढे ढकलावा म्हणून त्यांनी मत दिले, आणि तपासनीस वाढवण्याच्या विरोधातही दिले, हेही तितकेच खरे आहे. आई पहिले अर्धे सांगते. दुसरे ऐकताना ती भांडी घासू लागते.

डॉयल म्हणतो, "तायडे, हा माणूस तुला खड्ड्यात ढकलेल आणि वर शिडी धरायलाही स्वतःच येईल."

४. आमच्याकडे खाणकामगार गेला की पुरण्याआधी फुफ्फुसे तपासून घेतात. नाहीतर विधवेला पेन्शन मिळत नाही, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. बाबा गेले तेव्हा सिनेटर सांत्वनाला आले, सोबत भाजलेले हॅम. म्हणाले, "व्हर्लाताई, कशाला त्यांची चिरफाड? शांतपणे जाऊ द्या. पुढचं माझ्यावर सोडा." आईने डॉक्टरांना परत पाठवले. मी बोलले तर म्हणाली, "अगं, एवढा मोठा माणूस शब्द देतोय!"

कंपनीच्या डॉक्टरांनी कारण लिहिले: सिगारेट. बाबा तंबाखू चघळायचे. सिगारेट त्यांनी कधी ओढली नाही. पेन्शन नाकारली गेली. सिनेटरांनी मनापासून खेद कळवला. आईला तोही आवडला.

५. म्हणून: माझा मृत्यू झाल्यास दफनाआधी दोन्ही फुफ्फुसांची पूर्ण तपासणी व्हावी. संमतीचा अधिकार डॉयलचा, आईचा नाही. अहवाल धुळीच्या नियमाच्या जाहीर सुनावणीत मोठ्याने वाचावा.

६. सिनेटर अंत्यविधीला येतील. ते सगळ्यांच्या येतात. त्यांना बसायला खुर्ची द्यावी. शवपेटीला खांदा द्यायचा असेल तर देऊ द्यावा. बोलू देऊ नये.

हा मसुदा काल आईने वाचला.

"जेवायला तर वाढू ना त्यांना?"

"वाढ."

तिने कागद पुन्हा वरपासून वाचला. मग म्हणाली, "पाचव्या कलमातलं डॉयलचं नाव खोड. माझं घाल. या वेळी मी सही करते."

"आणि त्यांचा फोन आला तर?"

"आला तर आला. बोलेन. माणूस वाईट नाहीये गं तो."

डॉयलचे नाव खोडलेले नाही.

कॅरा लिन स्टॅलार्ड (सही)

कॅराने आमच्या देखत सही केली; आम्ही तिच्या देखत करत आहोत. आम्हा दोघांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

साक्षीदार: ऑरिन टॅकेट, शेजारी (सही)
साक्षीदार: मेबेल रॅटलिफ, दवाखान्यातील परिचारिका (सही)

कोल्टर्स फोर्क, वेस्ट व्हर्जिनिया
९ नोव्हेंबर २०१९