भाऊला दिसलं ते

१२ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी यावलहून फोन. आकाशात दिव्यांची माळ, एका रांगेत, उत्तरेकडे सरकत गेली. फोन करणारे गृहस्थ घाबरलेले. सांगितलं, उपग्रह आहेत, एकदम सोडतात, काही दिवसांनी पांगतात. "नक्की ना मॅडम?" नक्की. फॉर्म भरला. वेळ, दिशा, उंची, आवाज, रंग, कारण. कारणाचा रकाना दोन मिनिटांत भरला.

निवृत्त झाल्यापासून हेच करतेय. शाळेत विज्ञान शिकवलं, आता लोकांना आकाश समजावते. मंडळ म्हणायचं, पण माणसं दोनच. जळगावात मी आणि धुळ्यात बोरसे सर. ते भूगोलाचे प्राध्यापक होते. या महिन्यात सगळे पश्चिमेचा शुक्र बघून फोन करतात. कंटाळा येतो, पण फोन नाही आला तर करमत नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

नीलेशचा फोन. भावाचा मुलगा, चोपड्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान. "आत्या, आबांनी काल संध्याकाळी काहीतरी पाहिलंय. जेवले नाहीत. सारखे गच्चीवर जाताहेत. तू ये."

मी हसले. म्हटलं शुक्र असेल. नीलेश म्हणाला, "आबांना शुक्र कळतो गं."

खरं आहे. मला पहिल्यांदा शुक्र भाऊनेच दाखवला. मी पाच वर्षांची असेन.

१८ नोव्हेंबर, सोमवार

सकाळच्या बसने चोपडा, तिथून नीलेशने गाडीवर गावात सोडलं. गाव सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. घराच्या मागे केळी, केळीच्या मागे डोंगर.

भाऊ वाट बघत होता. म्हणाला, "फारम आना का?"

सख्ख्या भावाला फॉर्म घेऊन प्रश्न विचारायचे. पण त्यालाच ते हवं होतं. वहिनींना खाली थांबवलं, दोघंच गच्चीवर गेलो. मी विचारत होते, तो सांगत होता, मधे कुठे अडखळला नाही.

शनिवार, पावणेसात. उत्तरेला, डोंगराच्या वर. उंची कळावी म्हणून हात लांब करून, डोळ्यासमोर एकावर एक मुठी मोजायला लावल्या. तीन मुठी वर. पिवळसर पांढरा, मधे तांबूस. आकार ताटाएवढा नाही, वाटीएवढा. आवाज नाही. अकरा मिनिटं जागेवर. मग उगवतीकडे गेला, आधी हळू, मग एकदम. चंद्र नुकताच वर आला होता, तो वेगळा, त्याने बोट करून दाखवलं कुठे होता ते. शुक्र मावळतीला, तोही वेगळा. वारा उगवतीकडून, कारण केळीची पानं मावळतीकडे उडत होती.

वारा मी विचारलाच नव्हता. त्याने आपणहून सांगितला.

"तठे उभं व्हतं. हालेना बी, डुलेना बी. मी पस्तीस वरीस खांबावर चढनू, सुमी. दिवा काय ऱ्हास ते माले माहीत शे. तो दिवा नव्हता."

वायरमन होता तो. या पट्ट्यातला प्रत्येक टॉवर, प्रत्येक लाइन त्याच्या हाताखालून गेलेली. असा साक्षीदार मला आजवर मिळाला नाही. आणि मिळाला तो हा.

निघताना म्हणाला, "तू हाई खरं मानस का?"

मी म्हटलं, तपासते. हे उत्तर मी सगळ्यांना देते.

२० नोव्हेंबर, बुधवार

बोरसे सरांनी त्या वेळची विमानं बघितली. त्या बाजूला एकही नाही. उपग्रह अकरा मिनिटं उभा राहत नाही. हवामानाचा फुगा वाऱ्याबरोबर जातो. आकाशकंदील, तोही वाऱ्याबरोबरच. फवारणीचा ड्रोन इतका वेळ टिकत नाही, आणि आवाज होतो.

सर म्हणाले, "मॅडम, तुमचे भाऊ आहेत म्हणून मी जास्त कडक बघितलं. काही सापडत नाही."

त्यांच्या आवाजात आनंद होता. मला राग आला.

२४ नोव्हेंबर, रविवार

सर धुळ्याहून आले, दोघं गावात गेलो. वहिनी सकाळपासून एकच सांगताहेत, "जेवन बी धड नही करतस. गच्ची न् गच्ची."

भाऊ म्हणाला की जमुनाबाईनेही पाहिलं असेल, ती त्या वेळी तिकडून येत होती. जमुनाबाई पावरा आदिवासींच्या वस्तीवरची, केळी कापणीला येते. वस्तीवर गेलो. ती अंगणात दाणे निवडत होती. बो. सरांनी भाऊचं नाव न घेता विचारलं, शनिवारी संध्याकाळी काही दिसलं का.

तिने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "होतं. मी पन पाहिलं. भारा खाली टाकला आन् बसून गेली."

कुठे? तिने हात वर केला. मुठी मोजल्या. तीन.

सरांनी वही काढली तेवढ्यात तिचा नवरा घरातून बाहेर आला. तो ओरडला नाही. वहीकडे बघून शांतपणे म्हणाला, "लिहू नका. ती गवत कापायला जंगलात गेली होती. कागदावर आलं तर उद्या फॉरेस्टवाले आम्हाला विचारतील, तिथे काय करत होती."

मी म्हटलं, नाव बदलून लिहू. तो म्हणाला, "नाव बदललं तरी गाव तेच राहील ना ताई."

जमुनाबाईने सूप उचललं. "नाही पाहिलं बाई. मी काही नाही पाहिलं."

सरांनी पान फाडून तिच्या नवऱ्याच्या हातात दिलं. बरोबरच केलं. भाऊला काय सांगायचं? सांगितलं, भेट झाली नाही. त्याला कळलं.

३० नोव्हेंबर, शनिवार

कोणीतरी मोबाइल घेऊन आला, "आबा, जरा सांगा ना" म्हणून भाऊला बोलतं केलं. भाऊने मला सांगितलं तसंच त्यालाही सांगितलं, हात लांब करून, मुठी मोजून. त्या माणसाने मागे बासरी वाजवली आहे, आणि डोंगरावर हिरवी माणसं नाचताना जोडली आहेत. नीलेशने तो व्हिडिओ पाठवला. शेवटपर्यंत बघवलं नाही.

चोपड्यात स्टँडवर लोक भाऊला बघून मूठ वर करतात म्हणे. एक, दोन, तीन.

माझीच मूठ ती. मीच मोजायला शिकवली.

५ डिसेंबर, गुरुवार

नीलेश जळगावला आला. दुकान बंद ठेवून. चहा घेतला नाही.

वैशालीचा, त्याच्या बहिणीचा, साखरपुडा पंधराला. मुलाकडचे अमळनेरचे. मुलाच्या वडिलांचा फोन आला होता. त्यांनी तो व्हिडिओ बघितलाय. विचारलं, "तुमच्या वडलांच्या डोक्याचं काही आहे का? औषधं चालू आहेत का? आधीच सांगा, नंतर नको."

नीलेशने सांगितलं, काही नाही. ते म्हणाले, मग तुमची आत्या शिक्षिका आहे ना, आकाशातलं तपासते, ती काय म्हणते?

"आत्या, तुमच्या मंडळाच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून दे. आकाशकंदील होता म्हणून. कोणीतरी लग्नात सोडला असेल. गैरसमज झाला. बस्स."

"पण तो कंदील नव्हता."

"मग काय होतं?"

माहीत नाही.

"तेच तर," तो म्हणाला. "तुलाच माहीत नाही. मग कंदील लिहायला काय जातंय? वैशू रडून रडून... मुलगा चांगला आहे गं. तिला आवडलाय."

विचार करते म्हटलं. गेला. दाराशी चप्पल घालताना म्हणाला, "आबांना मी सांगितलेलं नाही."

८ डिसेंबर, रविवार

बो. सरांना फोन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग, "मॅडम, नका लिहू. आपल्याकडे दुसरं आहे काय? 'सापडलं नाही' हे लिहिता आलं पाहिजे, एवढंच तर आपण करतो."

म्हटलं, तुम्हाला भाची नाही.

"नाही," ते म्हणाले. मी फोन ठेवला.

१० डिसेंबर, मंगळवार

लिहिलं. चार ओळी. 'उपलब्ध माहितीवरून सदर प्रकाश हा आकाशकंदील असल्याचे दिसून येते.' सही माझी एकटीची. फोटो काढून नीलेशला पाठवला. त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

फॉर्म तसाच ठेवलाय. कारणाचा रकाना कोरा.

दिवसभर मेहरूण तलावाला चकरा मारल्या. पाय दुखले तरी.

१५ डिसेंबर, रविवार

साखरपुडा झाला. वैशाली सुंदर दिसत होती. मुलगा खरंच चांगला आहे, वहिनींच्या हातातलं तबक त्याने न सांगता धरलं.

भाऊ नव्या टोपीत. पाहुण्यांपैकी कोणीतरी विषय काढला, हसत. मला वाटलं आता तो उठून जाईल. तो उठला नाही. तोही हसला. म्हणाला, "आकाशकंदील व्हता हो. आमनी सुमीनी कागदवर लिखी दिन्हं शे. आते वय व्हयनं, नजर चुकस."

सगळे हसले. व्याह्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. विषय संपला. नीलेशने माझ्याकडे बघितलं, मी दुसरीकडे.

पंगत उठल्यावर मोरीपाशी हात धुताना तो शेजारी आला. पाणी माझ्या हातावर ओतता ओतता, अगदी हळू, "कंदील वाराना उल्टा कसा जाई, सुमी?"

तांब्या खाली ठेवला आणि पाहुण्यांना पान द्यायला गेला.

२२ डिसेंबर, रविवार

भाऊला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा वहिनींनी घेतला. झोपलेत. शेतात गेलेत. तिसऱ्यांदा त्यांनी फोन कुठेतरी ठेवला, भाऊचा खोकला ऐकू येत होता. मी बराच वेळ कानाला लावून बसले. मग ठेवला.

काय बोलले असते? की कागद खोटा? हे त्याला माझ्याइतकंच माहीत आहे. कागद परत घेते? मग लग्न.

२९ डिसेंबर

वहिनी म्हणतात, आता गच्चीवर जातच नाही. दिवस मावळायच्या आत घरात येऊन बसतो, उत्तरेची खिडकी लावून घेतो. वेळेवर जेवतो. सगळे म्हणतात आबा बरे झाले.

मला आधीचा भाऊ परवडला असता.

६ जानेवारी, सोमवार

नवीन फोन. शिरपूर तालुक्यातून, अंगणवाडी सेविका. नाव मंगलाताई. आधी म्हणाल्या, मैत्रिणीने पाहिलंय. मग म्हणाल्या, मीच पाहिलंय. काल संध्याकाळी, डोंगराच्या वर. उभं होतं. आवाज नाही.

"कोणाला सांगितलं?"

"कोणाला सांगू मॅडम? त्या चोपड्याच्या आजोबांचा व्हिडिओ आमच्या गावातही आला होता. मीही हसले होते."

फॉर्म घेतला. मुठी मोजायला सांगायच्या होत्या. सांगितल्या नाहीत. म्हटलं, रविवारी येते, तिथेच बघू.

बो. सरांना कळवलं. ते येतो म्हणाले. एवढंच. चांगला माणूस.

१० जानेवारी, शुक्रवार

अकरा वाजता बेल वाजली. दारात भाऊ. एकटाच, हातात लग्नपत्रिकांची पिशवी. जळगावातल्या पत्रिका त्याने स्वतः वाटायला घेतल्या होत्या. पहिली माझ्याकडे.

चहा केला. तो पत्रिकेवर हळदकुंकू लावत होता, मान खाली. लग्न फेब्रुवारीच्या सोळाला. हॉल कुठला, आचारी कोण, सगळं सांगितलं. मी हो हो करत होते.

मग सांगून टाकलं. शिरपूरच्या बाईंचं. सगळं नाही, एवढंच की एक बाई आहे, तिला पण दिसलंय. वाटलं त्याचा चेहरा उजळेल. माफी मागायची माझी ही पद्धत होती बहुतेक.

त्याने कप खाली ठेवला. पत्रिकेवरून अंगठा फिरवला.

"त्या बाईले तिना घरना लोके मानतस का?"

म्हटलं, तिने घरी सांगितलेलंच नाही.

"बरं कयं तिनी, नही सांगं ते," तो म्हणाला.

जेवून जा म्हटलं, थांबला नाही. अजून सात घरं बाकी होती. कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले. रिक्षा थांबवली, पिशवी आत ठेवली, बसला. मग वाकून बाहेर बघितलं.

"रविवारे तू तठे जाशी. तिना फारममां काय लिखशी?"

रिक्षावाला थांबून राहिला. भाऊही. मी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून गाडीने हॉर्न दिला आणि रिक्षा निघाली.