बाबांचं पाच पौंडी वजन

मंगळवार, ता. १४, दुपार

चि. बारकीस,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन, तोवर तुला ते हवेसे वाटले तर.

इकडे सगळं ठीक. ह्यांचा गुडघा कुरकुरतो, आणि त्याहून जास्त हे कुरकुरतात. भट्टीचं धुराडं परवा साफ करून घेतलं. सोबतचं पार्सल एवढं जड कसं, म्हणून पोस्टातला माणूस विचारत होता. लोखंड आहे म्हटलं. तू मात्र पत्र वाचून झाल्याशिवाय ते उघडू नकोस.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तुमची बंद पडलेली भट्टी लेक पुन्हा पेटवायची म्हणते, याचा आनंद झाला. पण खाली तू लिहिलंस, "पाव करायला तिला तूच शिकव, ताई. माझ्या हाताला गुण नाही. मी पिठाला हात लावला तर तिचंही दुकान बसेल." हे वाचलं आणि मी पार्सल बांधायला बसले.

बाबांच्या बेकरीत आपली कामं कशी वाटलेली होती, आठवतं ना? तोलायचं मी, मळायचं तू. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, मोठी नेटकी आहे, पण हात बारकीचा. नेटकी! जसं काही मी झाडलेलं अंगण. मी हसायचे आणि आतून जळायचे.

लग्नानंतर तू तिकडे दुकान काढलंस, तेव्हा बाबांची पावाच्या मापांची वही तुझ्यासाठी उतरवून द्यायचं काम माझ्याकडे आलं. तुझा काटा किलोचा, वही पौंडांची. मीठ चमच्याने, पाणी डब्याने, तोलायचं ते फक्त पीठ. पंचवीस पौंड पीठ म्हणजे अकरा किलो तीनशे चाळीस ग्रॅम. तीनदा पडताळून लिहिलं. कुठल्याही मास्तरांना दाखव, चूक सापडायची नाही. इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घातली ती याच जोरावर.

आता ऐक. पार्सलमध्ये बाबांचं पाच पौंडी वजन आहे. ते उलटं करून बघ, बुडाला भोक दिसेल. त्यात शिसं भरलेलं होतं, ते आजोबांच्या काळीच निखळून पडलं. छाप पाच पौंडांचा, म्हणजे सव्वादोन किलोच्या वर भरायला हवं. भरतं दोन किलो दहा ग्रॅम. आमच्याकडेही नवा काटा आला, त्या दिवशी मीच ते ठेवून पाहिलं. बाबा हसत सुटले. म्हणाले, "असू दे. सगळी वही त्या लबाडावरच बेतलीय. बारकीला तेवढं कळव."

म्हणजे त्याच वजनाने पाच वेळा तोललेले बाबांचे पंचवीस पौंड जेमतेम दहा किलोच होते. तू दर घाण्याला सव्वा किलोहून जास्त पीठ घेत राहिलीस आणि पाणी तेवढंच. पाव दगड होणार नाही तर काय? पाणी वाढवलंस की अळणी.

त्या दिवशी तुझी वही अजून माझ्याच टेबलावर होती. पिठाचे चार आकडे खोडायचे होते. विसरले, असं लिहायला आत्ताही हात शिवशिवतोय. पण मी विसरले नव्हते, बारके. मनात म्हटलं, बघू या आता तो हात किती कामाचा आहे.

महिनाभर तुझी फजिती व्हावी, मग मी यावं, सांगावं आणि मोठेपणा घ्यावा, एवढंच डोक्यात होतं. पण तुझी पत्रं यायला लागली. "गिऱ्हाईक तुटतंय, माझंच काहीतरी चुकतंय, ताई, मला बाबांसमोर यायची लाज वाटते." जसजसा उशीर झाला तसतशी माझी जीभ जड होत गेली. दोन वर्षांनी तू दुकानाला कुलूप लावलंस आणि मी तुला समजुतीचं पत्र लिहिलं. तेही नेटकंच होतं.

शेवटच्या आजारात बाबांनी एकदा विचारलं, "बारकीला वजनाचं सांगितलंयस ना?"

"हो," मी म्हणाले. त्यांनी समाधानाने डोळे मिटले.

लेकीला सांग, दहा किलो पीठ घे. बाकी सगळं वहीप्रमाणे. तिला तोलू दे, मळायला मात्र तूच बस. मी शिकवायला येणार नाही. शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंच कधी, हात तुझाच होता आणि मला ते लहानपणापासून ठाऊक होतं.

आशीर्वाद लिहायचे राहिले. मोठ्याने धाकट्याला द्यायचे असतात, पण माझी जीभ रेटत नाही. लेकीला माझे आशीर्वाद सांग.

तुला नमस्कार करते.

ताई