कागदाची मागची बाजू

आबा, काल मी माझं मृत्युपत्र केलं. वकिलांच्या टेबलावर कागद पुढं आला, पेन हातात आलं, आणि सही करायच्या आधी मी कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. वकील तरुण आहेत. हसून म्हणाले, "बाई, मागं काही नाही." मी म्हटलं, असू दे, सवय आहे. पण खरं सांगायचं तर ती सवय माझी नव्हे, तुमची. पहिल्या लढाईत तुम्ही पलटणीबरोबर बसऱ्याकडं होतात, तिथं रोटीच्या खालच्या अंगाला वाळू आणि बुरशी असायची म्हणे. तेव्हापासून ताटात भाकरी पडली की तुम्ही आधी ती उलटी करून खालची बाजू निरखायचात आणि मगच तुकडा मोडायचात. माझ्या हातच्या भाकरीवरही तुमचा भरवसा नव्हता. आई गेल्यापासून चूल मीच सांभाळत होते, आणि रोज मला वाटायचं, आज तरी हे न उलटता खातील. तुम्ही एकदाही तसं खाल्लं नाही.

माझं थोडंसं जे आहे, राहती जागा आणि पेन्शनीतून राहिलेलं, ते मी सांगलीच्या कॉलेजला लिहून दिलं. ज्याला तुम्ही नदीकाठचं मळीचं रान दिलंत त्याच कॉलेजला. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला वाचता येत नव्हतं, फक्त सही येत होती, तीही पलटणीत शिकलेली, अक्षरं कवायतीला उभी केल्यासारखी. तेव्हा हे पत्र तुम्ही वाचाल अशी भीती मला तेव्हाही नसती आणि आताही नाही.

दादा मॅट्रिक होऊन कॉलेजसाठी सांगलीला गेला तो दिवस आठवतो. तुम्ही त्याला स्टेशनापर्यंत बैलगाडीनं सोडलंत. पण राहायला जागा कुठं होती? काही दिवस देवळाच्या ओवरीत, काही दिवस कुणाच्या वखारीत पोत्यांवर. खेड्यातल्या पोराला कुणी खोली देत नव्हतं, खाणावळ परवडत नव्हती. दिवाळीला आला तो हिवतापानं पिवळा होऊन आला, आणि परत गेला तो कॉलेजला नाही, भरतीला. मग ब्रह्मदेश, मग तार. तार मीच वाचून दाखवली. तुम्ही ती माझ्या हातातून घेतली, उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूकडं कितीतरी वेळ बघत बसलात. समोरून कळलं नाही ते जणू मागून कळणार होतं.

लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षी एका दुपारी तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसलात. मी पीठ मळत होते. "हात धू आन कागद घे," म्हणालात. मी सातवी फायनल झालेली, गावातलं सगळ्यात वळणदार अक्षर माझं, त्यामुळं गावाचे अर्ज आणि पत्रं माझ्याच गळ्यात असायची. तुम्ही सांगत गेलात आणि मी लिहीत गेले. मळीचं रान वडिलार्जित नाही, पलटणीच्या पैशातनं घेतलेलं आहे, ते माझ्या पश्चात सांगलीच्या कॉलेजला द्यावं. त्यातल्या उसाच्या उत्पन्नातनं खेड्यातल्या पोरांची राहायची आणि जेवायची सोय व्हावी. एवढं सांगून तुम्ही थांबलात. मी विचारलं, "आबा, आन पोरींची?"

"पोरींचं काय? पोरी सासरी जात्यात," तुम्ही म्हणालात. "इचारलं तेवढंच लिव्हायचं. लय शाणपणा नगं."

तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. कडबा टाकायची वेळ झाली असं सांगताना जो आवाज असतो, त्याच आवाजात तुम्ही ते बोललात. मला दादाइतकंच शिकायचं होतं. त्याची पुस्तकं मी चुलीपाशी बसून पाठ केली होती, आणि हे घरात तुमच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. घरात सगळे म्हणजे मी आणि दादा, आणि दादा तर उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी तो मजकूर नीट उतरवून काढला. पुढची बाजू भरली. मग कागद उलटला आणि मागं माझ्या मनानं लिहिलं: खेड्यातून येणाऱ्या मुलींनाही या सोयीचा मुलांइतकाच हक्क राहील. लिहिताना शाई वाळेपर्यंत मी मागं वळून पाहिलं नाही, कारण दारात कुणीतरी उभं आहे असं वाटत होतं. दारात कुणी नव्हतं.

संध्याकाळी साक्षीला शाळेचे मास्तर आणि पाटील आले. तुम्ही कागद हातात घेतलात आणि अर्थातच उलटा केलात. तुमचं बोट नेमकं त्या मजकुरावर थांबलं. "ह्ये काय हाय?"

"तारीख आन गाव," मी म्हणाले.

"दोन वळी तारीख?"

"तालुका, जिल्हा, समदं घालावं लागतं, आबा."

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. भाकरीकडं पाहायचात तसंच. मग तिथंच, त्या दोन ओळींच्या खाली, तुमची कवायतीतली सही केलीत. पाटलांनी अंगठा उठवला. मास्तरांनी मजकूर वाचला, भुवया वर गेल्या, माझ्याकडं एकदा बघितलं आणि मुकाट्यानं सही केली. तुमच्या हयातीत ते कधी एक अक्षर बोलले नाहीत.

पुढल्या साली ऊस तुटून गेल्यावर तुम्ही पाटाच्या कडेला टेकलात ते उठलाच नाहीत. दिवस घालायला मुलगा नाही, म्हणून सगळं काकांनी केलं. तुमचा हा धाकटा भाऊ वाईट माणूस नव्हता, उगाच त्याच्यावर खापर फोडायचं नाही. पण सातव्या दिवशी ते माझ्यापुढं येऊन बसले. "कागुद आन," म्हणाले. "कागदाचं काय, चुलीत घातला की राख. रान घरचं हाय, घरात ऱ्हाईल. आन तुझं बी पाटणकडं बघितलंय. बिजवर हाय, पर खाऊनपिऊन सुखी हाय." मी सांगितलं, कागद मास्तरांपाशी आहे. "मास्तर काय गावाभाईर न्हाई," ते म्हणाले आणि उठून गेले. मास्तरांची नोकरी गावात, काकांचे भाऊबंद गावात. तो कागद किती दिवस टिकेल हे मला दिसत होतं.

काका कोर्टाला भीत नव्हते, पोलिसालाही नाही. ते एकाच गोष्टीला भीत. आजीच्या दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवेना. कावळा शिवला नाही की गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय असं आपल्याकडं धरतात, आणि एकेक जण हात जोडून त्याला शब्द देतो. तेव्हा उन्हात उभं राहून काका म्हणाले होते, आई, तंबाखू सोडली. कावळा उतरला. त्या दिवसापासून त्यांनी तंबाखूला बोट लावलं नाही, आणि आजीला जाऊन तेव्हा कैक वर्षं झाली होती. मला हे आठवलं, आणि जे करू नये ते मी केलं.

तुमच्या दहाव्याला भल्या पहाटे मी पाण्याची घागर घेऊन नदीला गेले. घागरीत पाणी नव्हतं, भाकरी होत्या. दुधात आणि गुळात कुस्करलेल्या. घाटावरच्या बाभळींत कावळे असतात, त्यांना मी घातलं. आधी दोन आले, मग सगळा थवा आला. एरवी कावळा किती कालवा करतो, पण त्या दिवशी ते गपगुमान खात होते. मी घालत राहिले. शेवटी तुकडे जमिनीवर पडून राहिले आणि एकही उचलेना. ते सगळे फांद्यांवर जाऊन बसले आणि माझ्याकडं बघत राहिले. मी रिकामी घागर भरली आणि घरी आले. वाटेत मला एकदा वाटलं, पाठीमागून पावलं वाजताहेत, डावा पाय जरा ओढून. बसऱ्याकडं गोळी लागल्यापासून तुम्ही तसेच चालायचात. मी घागर डोक्यावरून न उतरवता चालत राहिले.

सकाळी पिंड मांडला. शेजारी तुमची आवडती भाकरी आणि चहाचा पेला. बायका चिंचेखाली, मी त्यांच्यात. काका ओल्या पंच्यानं उभे. कावळे बाभळींवर ओळीनं बसलेले, पोट भरलेले, आणि एकही हलेना. काका तुम्हाला उद्देशून म्हणाले, "आण्णा, पोरीचं लगीन लावून देतो." कावळे बसून. "अर्धी राह्यल्याली हीर बांधून काढतो." काहीच नाही. "पोराच्या नावानं पार बांधतो." ऊन चढलं. एक म्हातारी हळूच म्हणाली, "एवढं कावळं आन एक बी शिवंना. लय अडकलाय गं जीव." इतका वेळ लागेल असं मला वाटलं नव्हतं, आणि भटजी दर्भ वळायला लागले होते. दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला की झालं, विधी संपतो. काका मान डोलावणार तेवढ्यात मी बायकांतून पुढं आले. बापाच्या दहाव्याला पोरीनं मधे बोलायची रीत नव्हती. मी म्हणाले, "काका, आबांचा कागद."

मास्तर गर्दीत उभे होते. त्यांनी खिशातून तो काढला आणि नुसता हातात धरला. काकांनी कागदाकडं पाहिलं, मग बाभळींकडं, मग नदीकडं. हात जोडून म्हणाले, "आण्णा, तुझं मळीचं रान कालेजाला. कागदात जे जे हाय, ते समदं पाळतो." त्याच वेळी मीही डोळे मिटून मनात तुम्हाला काहीतरी म्हटलं.

आबा, कावळा न येण्याची तजवीज मी केली होती. येण्याची केली नव्हती. काकांनी शब्द दिला तरी बाभळीवरचा एकही हलला नसता, पोटात जागाच नव्हती. माझा सगळा डाव इतकाच होता की शब्द तोंडातून निघावा. मग दर्भ लावला असता तरी चाललं असतं. पण डोळे उघडले तेव्हा नदीवरून एक कावळा येत होता. बाभळींकडून नव्हे, पलीकडच्या काठावरून, पाण्याला लागून, एकटा. पहाटे मी घातलं त्यांतला तो नव्हता. बाभळींवरचे सगळे त्याच्याकडं माना वळवून बघत होते, पण एकानंही आवाज केला नाही. तो उतरला, पिंडाकडं गेला नाही. भाकरीपाशी गेला. तिच्या कडेला चोच घातली आणि ती उलटी केली. मान वाकडी करून खालची बाजू बघितली. मग मान उचलून माझ्याकडं बघितलं, आणि मग पिंडाला शिवला.

भटजींच्या हातातला दर्भ गळून पडला. काका हमसून रडायला लागले. मी रडले नाही.

काकांनी शब्द पाळला. मास्तरांना गाडीत घालून स्वतः सांगलीला गेले, कागद देऊन आले. पाटणचं स्थळ परत कधी कुणी काढलं नाही, आणि हायस्कूल उरकून मी त्याच रानाच्या उसावर कॉलेजात शिकले, मग जन्मभर शिकवलं. आज त्या वसतिगृहात वडूजकडच्या, पाटणकडच्या मुली राहतात. दरवर्षी स्मृतिदिनाला तुमच्या फेट्यातल्या फोटोला हार घालतात. पाहुणे सांगतात, त्या काळात एका निरक्षर शेतकऱ्यानं मुलींचा विचार केला. मी पहिल्या रांगेत बसून मान डोलावते. परवा एक मुलगी पाया पडून म्हणाली, "बाई, तुमचे आबा लय मोठ्या मनाचे." मी म्हटलं, व्हय.

रोज सकाळी मी गच्चीवर भाकरीचा तुकडा ठेवते आणि बघत बसते. कावळे ओढतात, फाडतात, पाण्यात भिजवतात, पळवतात. उलटी करून खालची बाजू बघणारा एकही मला पुन्हा दिसला नाही.

हे पत्र वकिलांच्या पाकिटात माझ्या कागदाबरोबर घालणार होते. आता वाटतं, नको. माझ्यामागं माझं दहावं कोण घालणार माहीत नाही, आणि तिथं उभं राहून हे वाचायला कुणी नको. पेटीत तळाला ठेवते, दादाच्या पुस्तकांखाली.

फक्त एक राहिलं. त्या दिवशी नदीवर मी मनात काय म्हटलं, हे मला मास्तरांनी मरायच्या आधी विचारलं होतं. मी सांगितलं, आबांची क्षमा मागितली, मागची ओळ माझी होती असं कबूल केलं. इतकी वर्षं मी स्वतःलाही तेच सांगत आले. पण तसं नव्हतं, आबा. मी म्हटलं होतं, शिवा नाहीतर शिवू नका, ती ओळ मी खोडणार नाही. आणि तुम्ही आलात.