पडदा पुसायची ओळ

लातूर, ११ मार्च २०१६
तासाला निम्म्याच पोरी. बाकीच्या पाण्याच्या टँकरपाशी. महादेवी स्वामी नांदेडहून नोकरीसाठी कंपनीची परीक्षा देऊन आली, तोंड एवढंसं झालेलं. "मॅडम, तिथं माझा प्रोग्रॅम चाललाच न्हाई. सुरुवातीच्या ओळीलाच मशीन अडलं."
ती ओळ म्हणजे पडदा पुसायची, कॉम्प्युटरचा स्क्रीन आधी कोरा करायची. मीच शिकवलेली. आमच्या लॅबमध्ये तिच्याशिवाय प्रोग्रॅम सुरू करणं म्हणजे नारळ न फोडता दुकान उघडणं.
एप्रिलमध्ये तिला पुन्हा बोलावलंय. ही शेवटची संधी.

१३ मार्च
रविवार पुस्तकात गेला. ती ओळ मूळ सी भाषेत नाहीच! आमच्या लॅबमधला कंपायलर, प्रोग्रॅम मशीनला समजेल असा करून देणारा, जुना, निळ्या पडद्याचा; त्याच्या कंपनीनं घातलेली ही घरची सोय. दुसऱ्या कंपायलरला ती ठाऊकही नाही. मग मी नक्की काय शिकवते? सी की निळा कंपायलर? डोकं भणभणतंय.

१८ मार्च
विभागप्रमुख पाटील सरांना विचारलं. "बाहेरचे परीक्षक आधी तीच ओळ बघतात, मॅडम. न्हाई दिसली की मार्क कापतात. पोरगी नापास झाली तर?"
खरंय. प्रात्यक्षिकात गेली तर नांदेडची नोकरीही गेली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.
महादेवीला म्हटलं, ती ओळ इथं लिही, नांदेडला लिहू नको.
"असं कसं, मॅडम? भाषा एकच हाय न?"

२ एप्रिल
एक युक्ती सापडली. कंपायलर निळा असेल तरच ती ओळ घ्यायची, नाहीतर गाळायची, असं प्रोग्रॅममध्येच लिहिता येतं. मी खूश. महादेवी नाही. "म्हणजे माणूस बघून बोलायचं."
तिच्या वडिलांनी उदगीरच्या दुकानावर 'जि. उदगीर' अशी पाटी रंगवून घेतली म्हणे. जिल्ह्याची नुसती हवा, घोषणेचा पत्ता नाही. "पण पोस्टमनला चालतंय, मॅडम."
हसले. मग उगीच विचारात पडले.

१३ एप्रिल
प्रात्यक्षिक. रेल्वेनं पाणी आलं, परीक्षक चहा घेताना तेच बोलत होते. उद्या जयंती, घरी पाहुणे, आणि माझं चित्त सगळं लॅबमध्ये.
महादेवीनं ती ओळ लिहिलीच नाही. युक्तीही नाही. शुद्ध सी. निळ्यावरही चाललं.
परीक्षक म्हणाले, "पडदा पुसला न्हाई?"
"ते सीमध्ये न्हाई, सर. ह्या कंपायलरमध्ये हाय."
पाटील सर माझ्याकडं बघायला लागले. परीक्षक रागावले नाहीत. चष्मा काढून हळूच म्हणाले, "मग आम्ही इतकी वर्षं काय शिकवलं?" मला वाटलं, मलाच विचारलं.
मग त्यांनी मार्क टाकले.
बाहेर आल्यावर महादेवी म्हणाली, "बरोबर बोलले न मी, मॅडम?"
"हाव. अगदी बरोबर."
"मग मार्क टाकताना त्यांनी कागद हातानं का झाकला? कापले का काय?"