लाल खात्यातील खोटा जबाब दुरुस्त करणेबाबत

प्रति,
मा. कारखाना निरीक्षक,
औद्योगिक आरोग्य कार्यालय.

विषय : रंगकामगाराच्या आजाराच्या चौकशीतील जबाब व शेरा बदलणेबाबत.
संदर्भ : आपण गेल्या महिन्यात केलेली चौकशी.

महोदय,

१. मी कारखान्याच्या लाल रंगखात्याचा मुकादम. आजारी कामगार माझ्या हाताखालचा, आणि माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ आहे. लघवीतून रक्त जात असल्याचे कोणालाच सांगितले नव्हते, असा जबाब त्याने रुग्णालयात दिला. त्यावरून आपण ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असा शेरा मारला. जबाब खोटा आहे. त्याने मला तीनदा सांगितले होते.

२. आमच्या खात्यात शिंकले तरी रुमाल लाल होतो, म्हणून लाल दिसले की रंग समजून सोडून द्यायची रीत आहे. पहिल्यांदा मी सगळ्यांदेखत त्याची टिंगल केली. दुखत काहीच नव्हते, रक्तही दोन दिवसांत थांबले. मी शहाणा ठरलो. दुसऱ्यांदा म्हणालो, पाणी जास्त पी. तिसऱ्यांदा जळजळ होती, तासात चारदा जाऊन यायचा. तेव्हा मी त्याला कामचुकार म्हणालो. न दुखता येऊन थांबणारे रक्त हीच बहुधा पहिली खूण, हे डॉक्टरांनी मला आता समजावले.

३. त्यांच्या सांगण्याप्रमाणे मूत्राशयाचा कर्करोग बहुतेक वेळा आतल्या अस्तरात सुरू होतो. जुन्या मुतखड्यांतून वा संसर्गातून होणारा प्रकार वेगळा आणि क्वचित दिसणारा. अस्तरातच सापडला तर दुर्बिणीने खरवडून काढता येतो. याचा स्नायूत उतरला आहे, मूत्राशयच काढावे लागेल. कारणांत रंगातली काही रसायने आणि सिगरेट, दोन्ही आली. रसायनांच्या कामावर त्याला मी लावले. जेवणाच्या सुट्टीत सिगरेटही मीच पुढे करायचो.

४. खात्याची मुतारी पांढरी करून मिळावी. ती इतकी डागाळली आहे की रक्त दिसणारच नाही. तोवर मी तिच्या दारात काचेचा पेला घेऊन उभा राहतो. कामगारांनी माझी तक्रार केली आहे आणि ती रास्त आहे. तरी उरलेल्या अकरा जणांची तपासणी होईपर्यंत मला उभे राहू द्यावे. दुसरे काही सुचत नाही.

५. असा जबाब का दिलास, हे काल मी त्याला विचारले. म्हणाला, “भाऊजी, ताईला कळलं तर ती तुमच्याशी जन्मात बोलणार नाही.” तरी तो शेरा माझ्या नावावर करावा, आणि दुरुस्त जबाबाची एक प्रत माझ्या घरी, माझ्या पत्नीच्या नावे पाठवावी. मला तोंडाने सांगणे जमलेले नाही.

आपला, शिक्षेस पात्र,
मुकादम, लाल रंगखाते
दि. १२ मार्च