घोट्याला कळलेलं निकेल

कोल्हापूर, मंगळवार, १९९८

घोटा अजून खाजतोय, पण आज त्याचा राग येत नाही. सुमीच्या लग्नाला आठच दिवस राहिलेत. तिच्यासाठी हुपरीत करून घेतलेले पैंजण मी आधी दोन दिवस स्वतः घातले, कारण माझ्यासारखेच तिचेही कान नकली दागिन्यांनी चिघळतात. "पोरीच्या नावावर तुझीच हौस," असं हे हसत होते. आज सकाळी घोट्याभोवती लाल पुरळ!

तशीच एसटीनं हुपरीला गेले. कारागीर अप्पा आधी चिडले. "वैनी, चांदी चोख हाय की!" मग त्यांनी घोटा बघितला. कडी कापून, तपासून म्हणाले, "चांदी चोखच, पर ह्या खेपेला कड्या बाहेरनं आणल्यात. त्यात निकेल हाय. चुकलं माझं. चार दिवसांत नवे देतो."

त्वचेच्या डॉक्टरीणबाई मागे म्हणाल्या होत्या, रक्तातल्या पेशींनाही आठवण असते, एकदा नकोसा वाटलेला धातू त्या विसरत नाहीत. तेव्हा मला तो नुसता रोग वाटला. पण अप्पांच्या डोळ्यांना दिसलं नाही ते माझ्या कातडीला कळलं. जिभेला चव कळते, तसंच का हे? इतकी वर्षं मी ह्या कातडीला नावं ठेवली. आज सुमी वाचली ती तिच्यामुळेच.

संध्याकाळी ह्यांनी न सांगता मलम आणलं आणि माझा पाय मांडीवर घेतला. "लई आग होतीय का गं?"

आग नव्हती, नुसती खाज होती. तरी मी हो म्हणाले.