वाळूखालचं पाणी

बाई, तुम्ही जिवंत होतात तेव्हाही मी तुमच्याशी कमीच बोललो. नुसता ऐकत बसायचो, म्हणून तुम्ही मला कानसेन म्हणायचात. आज इंदूरला छत्रीबागेतल्या घरी एकटाच बसलोय आणि मारवाडातली ती नदी काही डोळ्यांपुढून हलत नाही.

कॉलेजातून तुम्ही आम्हाला तिथे नेलंत. आम्हाला उंट बघायचे होते. तुम्ही दाखवलीत घोटाभर पाण्याची नदी. थोडी वाहायची, वाळूत शिरायची, पुढे पुन्हा वर यायची. तुम्ही पदर खोचून पाण्यात लाल रंग ओतता आणि आम्हाला खाली, पाणी पुन्हा वर येतं तिथे पिटाळता, "रंग दिसला की ओरडा." आम्ही उन्हात ताटकळतो. एक जण वैतागतो, "मॅडम, रंग तो गया, अब चाय तो पिला दो." तुम्ही हसता, "अरे, नदीला घाई नाही, तुलाच कसली रे?" शेवटी रंग आला, फिकट, रेंगाळत. आणि तो वर आला तिथेच दाट शेवाळं, बेडकाची पिल्लं, काठाला हिरवा पट्टा. तुम्ही सांगितलंत, लेंड्या, कुजका पाला, सगळं वाळूत अडकतं. पाणी सावकाश झिरपतं तेव्हा वाळूतले जिवाणू त्याचं खत करतात आणि पाणी ते घेऊन वर येतं. पुरात शेवाळं धुऊन गेलं तरी पुन्हा हिरवं व्हायला सुरुवात होते ती इथूनच. मी सगळं ऐकलं होतं. परीक्षेत लिहूनही आलो.

पुढे भाड्याच्या काँक्रीट मिक्सरवर सुरुवात करून ठेकेदार झालो. समोरच्याला काय हवंय ते मला तो बोलायच्या आधी कळतं, त्यावरच धंदा उभा राहिला. इंदूरच्याच एका हॉटेलवाल्या सेठने त्या नदीकाठी रिसॉर्ट काढलं आणि मला बोलावलं. "भिया, गेस्ट को पानी दिखना चाहिए. ये तो रेत में घुस जाता है." त्याच क्षणी मला तुमचा लाल रंग आठवला होता, बाई. तरी म्हणालो, "दिखेगा सेठ, टेंशन मत लो." आणि रिसॉर्टपुरता नदीचा तळ काँक्रीटने बांधून दिला. आता पाणी काचेसारखं चमकतं आणि कुठेही न मुरता निघून जातं.

गेल्या आठवड्यात सेठने पुन्हा बोलावलं. काँक्रीट प्रवाहाच्या दिशेने आणखी पुढे न्यायचं होतं. मी एकटाच काठाने चालत गेलो. पाणी जिथे वर यायचं तिथला पट्टा पिवळा पडलाय. एक म्हातारी माझ्याकडे पाठ करून बकऱ्यांना हाकत होती, "चालो ए, अठै अबै कीं कोनी." इथे आता काही उरलं नाही. ती मला ऐकवायला बोलली नव्हती, म्हणूनच जास्त लागलं. तिच्यामागून गेलो. बरंच पुढे पाणी आणखी एकदा वर येतं, तिथे अजून हिरवं आहे, गावच्या बकऱ्या आता तिथेच चरतात. सेठला काँक्रीट न्यायचंय ते नेमकं तिथपर्यंत.

काल मी फोन करून काम नाकारलं. लगेच शाबास म्हणू नका. सेठ माझा शब्द मानतो. आधीचं कामच चुकलंय, ते फोडायला हवं, पुढचं करू नका, एवढं सांगितलं असतं तर कदाचित थांबलाही असता. पण स्वतःचं काम स्वतः वाईट म्हणायला जीभ वळेना. तोंडून निघालं, "सेठ, घुटने जवाब दे गए." तो हळहळला, इथल्याच भंवरकुआं भागातला एक डॉक्टर सुचवला आणि काम दुसऱ्याला देऊन मोकळा झाला. सोमवारी मशिनी निघतील. अजून फोन करता येईल. सकाळपासून तो हातात घेऊन बसलोय, आणि तुम्हाला लिहितोय, कारण तुम्ही काही उलट विचारणार नाही.

गुडघे माझे ठणठणीत आहेत, बाई.